कचऱ्याच्या डोंगराचं पांघरूण

चारुशीला गजभियेनं जन्मात पहिल्यांदा एकटीनं आखलेलं काम दीड वर्षात घसरून खाली आलं.

नागपूरच्या पूर्वेला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे कचऱ्याचा एक डोंगर आहे. तीस-पस्तीस वर्षं शहरानं जे जे नको म्हणून टाकलं ते सगळं तिथे साचलं. पुढे नवा कचरा टाकणं बंद झालं आणि तो डोंगर कायमचा झाकायचं ठरलं. झाकायचं म्हणजे आधी कचरा सारखा करून दाबायचा, त्यावर मुरूम पसरायचा, मुरुमावर जाड काळं प्लास्टिक, प्लास्टिकवर हातभर माती आणि मातीवर गवत. पावसाचं पाणी आत शिरलं नाही, की ते काळंकुट्ट होऊन आजूबाजूच्या विहिरींत उतरत नाही. रामदासपेठेतल्या एका सल्लागार कंपनीकडे हे काम होतं, आणि उत्तरेकडच्या उताराचं पांघरूण तिथे नोकरीला असलेल्या चारुशीलानं आखलं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. त्या नकाशाची एक प्रत तिच्या आईनं घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवली होती.

ऑगस्टमध्ये तीन दिवसांची झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास उतारावरची सगळी माती गवतासकट प्लास्टिकवरून सुटली आणि पायथ्याशी येऊन बसली. कोणाला इजा झाली नाही. पण चिखलानं नाला बुजला, नाल्याचं पाणी पायथ्याच्या वस्तीत फिरलं, आणि प्रयागबाई वासनिक नावाच्या बाईंच्या अंगणातली चूल आणि खुराडं वाहून गेलं. कोंबड्या तेवढ्या छपरावर चढून बसल्या म्हणून वाचल्या.

चौकशी झाली. प्रकल्पाचे मुख्य अभियंता उमाठे साहेब कडक शिस्तीचे होते. त्यांनी अहवालात एक ओळ लिहिली, 'मातीची दबाई अपुरी.' दबाई डोझरवाल्यानं केली होती, म्हणून खाली त्याचं नावही घातलं. त्याचं नाव रुपराव कुंभारे, वय अठ्ठावन्न, त्यातली तीस वर्षं डोझरवर गेलेली. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवलं.

चारुशीलाला कोणीच काही बोललं नाही. "तोच नकाशा पुन्हा दे, फक्त दबाई जास्त लिही," एवढंच तिला ऑफिसात सांगण्यात आलं. ती लिहायला बसली, पण हात चालेना. उतारावरच्या हातभर मातीला अशी किती दबाई लागते? गणित जमत नव्हतं. शेवटी डिसेंबरातल्या एका सकाळी ती स्कूटीवर बसली आणि कोणाला न सांगता डोंगराच्या पायथ्याला जाऊन पोचली.

वस्तीत पहिलंच घर प्रयागबाईंचं. अंगणात नवी चूल घातलेली होती. पासष्टीच्या प्रयागबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"तूच का वं ती डोंगरवाली बाई?"

"हो मावशी. मीच."

"मंग बस. चहा पेशीन का आधी शिव्या खाशीन?"

"आधी शिव्या," चारुशीला म्हणाली. "नाहीतर चहा थंड होईल."

प्रयागबाई खळखळून हसल्या. शिव्या काही निघाल्या नाहीत, चहा मात्र निघाला. त्यांनी वीस वर्षं त्याच डोंगरावर कचरा वेचला होता. डोंगराचा कोणता भाग कधी धुमसतो, कुठे पाय खचतो, हे त्यांना घरातल्या कोनाड्यासारखं ठाऊक होतं.

"मातीले काहून दोष देता तुमी?" त्या म्हणाल्या. "पडाच्या दोन दिवस आंधी मी तिकडं गेली होती. तो उतार खालून टम्म फुगला होता. गाभण गायीचं पोट रायते ना, तसा. पाय ठेवला तं गदगद हाले. आन त्या बांधातून पानी पिचकारीवानी उडून राहिलं होतं."

"कोणत्या बांधातून?"

"तोच ना, पायथ्याचा. सरळ रेघेत घातला होता पाहा. दिसाले भल्ला सुंदर होता, बाप्पा."

चारुशीलानं कप खाली ठेवला. पायथ्याचा तो मातीचा बांध तिनंच काढला होता. पावसात माती वाहून नाल्यात जाऊ नये आणि काम नीटनेटकं दिसावं म्हणून.

तिथून ती थेट दिघोरीला रुपरावांच्या घरी गेली. रुपराव अंगणात वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. ती कोण हे कळल्यावर त्यांनी नळी खाली ठेवली, पण बसा म्हणाले नाहीत.

"काका, मला ती माती उकरून बघायची आहे. छोटं पोकलेन मी भाड्यानं आणते. चालवायला तुम्ही याल का?"

"मले तं तिथून काढलं. गेटवर घेईन का कोनी?"

"माझ्याबरोबर याल तर घेतील."

रुपरावांनी लुंगीला हात पुसले. "एक सांगू का मॅडम? मागच्या वर्षी माती वरून खाली ढकलाले लावली मले. रस्ता वर होता, ट्रक वर रिकामे होत, म्हणून. डोझर खाली उतरताना खालचं पलास्टिक ताणल्या जाते. निजलेल्या मानसाची चादर पायाकडून ओढा, मंग पाहा कशी सरकते. माती खालून वर चढवाले पायजे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"इचारलं कोनं?"

"आता विचारते आहे काका. उद्या सकाळी याल?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. घरी धुऊन ठेवलेला खाकी शर्ट घालून आले.

रुपरावांचं मशीन चालवणं बघत राहावं असं होतं. दुधावरची साय काढावी तसा त्यांनी पोकलेनच्या बकेटनं मातीचा थर उचलला, खालच्या प्लास्टिकला ओरखडासुद्धा न पाडता. पायथ्याजवळच्या खड्ड्यात चारुशीला स्वतः उतरली. वरची माती भेगाळून दगड झाली होती. पण प्लास्टिकला चिकटलेला शेवटचा चार बोटांचा थर राखाडी आणि लिबलिबीत होता. पाऊस थांबून दोन महिने झाले होते, तरी तिच्या बोटांतून पाणी गळत होतं.

रुपराव मशीनवरून खाली उतरले, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माती घसरली नाई मॅडम. माती तरंगली."

बांधानं पाणी अडवलं होतं. वरून झिरपलेलं पाणी गुळगुळीत प्लास्टिकवरून खाली येत गेलं, पायथ्याशी तुंबलं, आणि शेवटी त्यानं वरची माती उचलून धरली. रोलर आठदा फिरवला असता की ऐंशीदा, गोष्ट एकच होती.

"काका, हा बांध माझ्या नकाशातला आहे," ती खड्ड्यातूनच म्हणाली. "पाण्याला बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती."

रुपराव काठावरून उठून उभे राहिले.

"मंग मी चार महिने घरी काहून बसलो?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच तिला जास्त लागलं.

"हे मी लिहून देते," ती म्हणाली. "माझ्या सहीनं."

ऑफिसात तिच्या वरिष्ठ उत्तरा मॅडमनी चूक आणि नवा उपाय मांडलेला तो तीन पानी कागद दोनदा वाचला. त्या वाईट नव्हत्या, जपून वागणाऱ्या होत्या. "चारू, हे पाठवलंस तर इथून पुढे काहीही बिघडलं की लोक तुझं नाव घेतील."

"सध्या ते रुपरावांचं घेतात, मॅडम."

उत्तरा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चारुशीलाच्या सहीखाली स्वतःची सही केली.

उमाठे साहेब मात्र भडकले. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का हे? अहवाल होऊन गेला! आणि हा काय नवा प्रकार, खरखरीत प्लास्टिक काय, पाण्याची जाळी काय, मध्ये टप्पा काय! मॅडम, मी तीस वर्षं माती दाबतो आहे. नीट दाबलेली माती हलत नाही."

"मग दोन्ही करून बघू साहेब," चारुशीला म्हणाली. "शेजारी शेजारी दोन पट्टे. डावा जुन्या नकाशाचा, दबाई तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. उजवा माझा नवा. दोन्हींवर सारखं पाणी सोडू."

"पाऊस कुठून आणणार मार्चमध्ये?"

"टँकरनं."

साहेबांना पैज लावायला आवडते, हे तिला माहीत नव्हतं. ते खुर्चीत मागे रेलले. "ठीक आहे. पण डावा पट्टा टिकला तर जुनाच नकाशा. आणि पुन्हा पत्रं लिहायची नाहीत."

"चालेल. आणि मशीनवर रुपराव."

"कोण, तोच?" साहेब म्हणाले. "बरं. तोच. म्हणजे नंतर तक्रार नको."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पट्टे तयार झाले. डाव्या पट्ट्यासाठी साहेब खरंच तीन दिवस उन्हात उभे राहिले. रुपरावांनी त्यांच्या सांगण्याप्रमाणे रोलर दहा वेळा फिरवला आणि अवाक्षर काढलं नाही. उजव्या पट्ट्यात खरखरीत प्लास्टिक टाकलं, त्यावर पाणी वाहून नेणारी जाड जाळी, जाळीत गाळ बसू नये म्हणून वर कापड, आणि पायथ्याशी बांधाऐवजी गिट्टीत पुरलेला भोकाभोकाचा पाइप. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम मिसळला. आणि माती रुपरावांनी खालून वर चढवली, एकेक हात, डोझरला उतारावर वळू न देता.

पाणी सोडायच्या दिवशी पहाटेपासून माणसं जमली. वस्तीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन प्रयागबाई आल्या. आपलं अंगण ज्यानं बुडवलं ते नेमकं काय होतं, हे त्यांना बघायचंच होतं. सात वाजता टँकरनं वरच्या कडेवर आडव्या टाकलेल्या नळ्यांतून दोन्ही पट्ट्यांवर पाणी सुरू केलं.

पहिला तास काहीच झालं नाही. दुसराही गेला. चारुशीला घड्याळ बघत होती, पट्टे बघत होती आणि नखं खात होती. दोन्ही पट्टे एकमेकांची जुळी भावंडं असावीत तसे शांत पडले होते. साडेनऊला उजव्या पट्ट्याच्या पाइपातून पाण्याची करंगळीएवढी धार बादलीत पडू लागली. डाव्या पट्ट्यातून थेंबही नाही.

"पाहिलंत?" उमाठे साहेब खूश होऊन म्हणाले. "तुमच्या पट्ट्यातून पाणी गळतंय. माझा कोरडाठाक." त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, ती डाव्या पट्ट्याच्या पायथ्याला, बांधाच्या आतल्या बाजूला मांडली, छत्री उघडली आणि मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन ऐटीत बसले. "इथे बसतो मी. दबाईवर विश्वास आहे आपला."

रुपरावांनी पट्ट्याच्या पायथ्याला बूट टेकवून पाहिला. "सायेब, खुर्ची इकडं घ्या."

"का? ही माती मी स्वतः दाबून घेतली आहे."

"म्हनूनच म्हनतो ना."

इतक्यात प्रयागबाई ओरडल्या, "अवो सायेब, पोट फुगलं पाहा त्याचं! उठा, उठा!"

साहेबांनी मागे वळून बघायला आणि पट्टा सुटायला एकच गाठ पडली. आवाज म्हणावा तर फारसा झाला नाही, ओलं घोंगडं ओढावं तसा फस्सकन झाला. वरच्या कडेला एक भेग पडली, ती रुंदावली, आणि अख्खा पट्टा सबंधच्या सबंध, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा खाली निघाला. बांध फुटला. साहेब खुर्चीसकट, छत्रीसकट, दोन्ही पाय वर करून पाच-सहा फूट पुढच्या सपाट जागेवर जाऊन थांबले. चिखल खुर्चीच्या बैठकीपर्यंत आला आणि तिथेच बसला.

सगळ्यांचे डोळे साहेबांच्या तोंडाकडे. साहेबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग हातातल्या ग्लासाकडे.

"मठ्ठा सांडला नाही," ते म्हणाले.

पहिल्यांदा फुटल्या त्या प्रयागबाई. पदर तोंडात कोंबूनही त्यांचं हसू आवरेना. मग टँकरवाला, मग बायका, मग चारुशीला, आणि शेवटी खुद्द साहेब. हसताहसता त्यांची खुर्ची आणखी वीतभर रुतली. रुपरावांनी हात देऊन त्यांना बाहेर काढलं. एक बूट चिखलातच राहिला, तो नंतर पोकलेननं शोधावा लागला.

उजवा पट्टा जागचा हलला नव्हता. बादली भरून वाहत होती.

साहेब एका पायावर उभे राहून बराच वेळ ती धार बघत होते. हसू ओसरल्यावर ते रुपरावांकडे वळले. "रुपरावजी, त्या कागदावर सही माझी होती. चुकीची होती. आज संध्याकाळच्या आत मी दुसरा कागद काढतो, आणि ठेकेदारालाही सांगतो."

"काढा सायेब," रुपराव म्हणाले. "आन त्यात माझं आडनाव बरोबर लिहा. मागच्या टायमाले कुंभरे लिहिलं होतं."

त्यानंतर सव्वादोन महिने सगळ्यांनी मरेस्तोवर काम केलं. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी प्लास्टिक तापून फुगतं, त्याला लाटा येतात, आणि लाटांवर सांधे जोडले की थंडाव्यात ते ओढले जाऊन उसवतात. पहिल्या दिवशी तसे चार सांधे उसवलेच. मग रुपरावांनी सुचवलं तसं प्लास्टिकचं काम पहाटे उजाडताच सुरू करून दहाला थांबवायचं ठरलं. उताराच्या मध्यावर पायरीसारखा एक सपाट टप्पा काढून तिथे दुसरा पाइप टाकला, म्हणजे वरचं पाणी खालपर्यंत येऊन साचायलाच नको. रुपराव मशीनवर. चारुशीला डोक्याला दुपट्टा गुंडाळून, नाकाला मलम लावून, प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या खडूनं तारीख लिहीत हिंडायची. तिची आई रोज डब्यात कांदा घालून द्यायची, ऊन लागू नये म्हणून. तो कांदा रोज टँकरवाला खायचा.

गवतावरून मात्र भांडण झालं. ऑफिसच्या यादीत बागेत लावतात ते मऊ हिरवं गवत होतं. प्रयागबाईंनी ती पुडी उघडून पाहिली आणि जमिनीवर ठेवून दिली.

"हे तं बंगल्यातलं गवत आहे. याले रोज पानी कोन देईन, तू का?"

"मग काय लावायचं मावशी?"

"पवन्या लाव. रानातला. उन्हात वाळते पण मरत नाई. अन् मुळं जाळ्यावानी धरते मातीले, खोल घुसत नाईत."

मुळं खोल गेली तर प्लास्टिकला धोका होता, म्हणून चारुशीलाला नेमकं असंच गवत हवं होतं. ते यादीत नव्हतं एवढंच. तिनं यादी बदलली. प्रयागबाईंच्या बचत गटातल्या बायकांनी रानातून जमवून ठेवलेलं बी गोणीनं आणलं आणि उतारावर ओळीनं बसून पेरलं. पेरताना गाणी म्हटली. त्यातल्या एकात खुर्चीतल्या साहेबांचंही एक कडवं होतं. उमाठे साहेब त्या वेळी वरच्या टप्प्यावर उभे होते, पण त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आठ जूनला शेवटचा पाइप बसला.

ऑगस्टमध्ये झड लागलीच. तीन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या रात्री चारुशीलाला झोप आली नाही, आणि उजाडताच ती रेनकोट चढवून निघाली. नाल्याच्या पुलावर तिला रुपराव भेटले. तेही न सांगता आले होते, पिशवी डोक्यावर धरून.

दोघं पायथ्याशी जाऊन उभे राहिले. उतार हिरवागार होता आणि जागच्या जागी होता. टप्प्यातून सहा आणि पायथ्यातून अकरा अशा सतरा नळ्यांपैकी सोळांमधून स्वच्छ पाणी नाल्यात पडत होतं, प्रत्येकीचा आवाज वेगळा. एक नळी मात्र बंद होती. रुपरावांनी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून आत हात घातला आणि एक बेडूक बाहेर काढला.

"हा काही नकाशात नव्हता मॅडम," ते म्हणाले आणि त्याला नाल्यात सोडून दिलं. नळी भळभळून वाहू लागली.

चारुशीलानं तिथूनच उमाठे साहेबांना फोन लावला. साहेबांनी आधी नाल्याचं विचारलं, मग वस्तीचं, मग उताराचं.

"छान," ते म्हणाले. "दक्षिणेकडच्या उताराचा नकाशा कधी देता?"

"सोमवारी साहेब. पण त्याआधी एकदा इथे बसू. रुपरावकाका आणि प्रयागमावशी दोघंही असतील."

"या, या. मीही येतो." मग साहेब हळूच म्हणाले, "बसायला सतरंजी आणा."

फोन ठेवून ती वळली तर रुपराव पुलाकडे चालायला लागले होते. कोपऱ्यावरच्या टपरीतून पोह्यांवर ओतलेल्या तर्रीचा वास पावसातही इथपर्यंत येत होता.

"चला मॅडम," ते न वळताच म्हणाले. "आज तिखट जास्त टाकाले सांगतो."